दिवा वाढव

सगळ्यात आधी एक नाव लिहितो: शेख मुनीर, केबल जोडणारे, मुक्काम सोनाळा, तालुका संग्रामपूर. मी आज जो काही आहे त्यात आईबाबांचा वाटा आहे, शाळेतल्या गुरुजींचा आहे, पण उजेडाला हात लावायला मला या माणसाने शिकवलं. गावात त्यांना मुनीरभाई म्हणतात, मी मुनीरचाचा म्हणतो. देश सोडून निघालो त्या सकाळी ते माझ्या शेजारी बसले होते. खरं सांगायचं तर अर्धे माझ्या मांडीवर बसले होते, कारण गाडीत जागा नव्हती.

गाडी आमचीच. माझे बाबा सोनाळा ते शेगाव काळी-पिवळी चालवतात. मला शेगावला रेल्वेत बसवायचं होतं, तिथून मुंबई आणि मग विमान. आजच्या दिवस तरी गाडी रिकामी न्या, असं आई आदल्या दिवसापासून सांगत होती आणि बाबा हो म्हणाले होते. पण रस्त्याच्या कडेला माणूस हात दाखवत उभा आहे आणि आपण तशीच गाडी पुढे काढायची, हे त्यांच्याकडून होत नाही. वरवट येईपर्यंत गाडी गच्च भरली. वांग्यांची टोपली घेतलेली एक बाई, दवाखान्यात निघालेलं एक जोडपं, बाजाराला चाललेले तिघं, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये नवा कोट मांडीवर घेऊन बसलेला मी. काळी-पिवळीच्या धंद्यात प्रवाशाला सीट म्हणतात. नवी सीट चढली की बाबा आरशात बघून तिला सांगायचे, "पोरगा फॉरेनले चालला."

टोपलीवाल्या बाईने विचारलं, "काऊन?"

बाबांनी एक वळण पार होईपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "उजेड मोजाले."

बाईने माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "मंग इथं काय कमी पडला का उजेड?"

पुढचे दोन-तीन किलोमीटर सगळी गाडी हसत होती. बाबा सगळ्यात जास्त.

पुढे बाबांच्या शेजारी बसून आलेली आई स्टेशनवर फक्त एवढंच म्हणाली, "जेवत जाय, बाप्पा." मुनीरचाचांनी खिशातून विजेच्या कामाचा काळा चिकटटेप काढला, कोरा रोल, आणि माझ्या हातात ठेवला. बाबांनी त्यांची थट्टा केली, की मुनीरभाई, एवढ्या मोठ्या देशात टेप नसन का. चाचा म्हणाले, "असन. पण जोड याच्या हातचा अन टेप परायाचा, बरं नाही दिसत."

तेव्हा मला ते नुसतं प्रेम वाटलं. टेप मी बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीखाली टाकला आणि विसरून गेलो.

मी घरातला पहिला पदवीधर. खामगावला बी.एस्सी. झालो. त्यानंतर एम.एस्सी.चा फॉर्म कधी भरायचा हे सांगणारं आमच्याकडे कोणी नव्हतं. शेवटची तारीख मला कळली तेव्हा ती उलटून गेली होती. एक अख्खं वर्ष रिकामं समोर पडलं. त्याच वेळी आमच्या भागात ग्रामपंचायतींपर्यंत फायबर टाकायचं काम निघालं होतं आणि मुनीरचाचांना सोबतीला माणूस हवा होता. मी नाली खोदली, केबलचे ड्रम ढकलले, आणि महिनाभराने त्यांनी मला छत्रीखाली मशीनपुढे बसवलं.

फायबर म्हणजे केसाएवढी काचेची तार. तिच्या आतून उजेड धावतो. दोन तारा जोडायच्या तर आधी त्यांची साल काढायची, स्पिरिटने पुसायच्या, टोकं एकदम सपाट कापायची, मग मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवून एक करायच्या. मशीन शेवटी पडद्यावर सांगते की जोड किती चांगला झाला. बाकीचे जोडारी तो आकडा बघून उठायचे. चाचा उठत नसत. ते एका टोकातून लाल उजेडाचा पेन लावायचे, डोक्यावर पंचा घ्यायचे आणि जोडाभोवती दोन्ही तळहातांची ओंजळ करून आत बघायचे. हात लाल दिसला तर उजेड गळतोय, जोड कच्चा. मग तो तोडून पुन्हा करायचा. शिवाय जोड झाला की ते त्यावर काळा टेप गुंडाळायचे. जोड तसाही बंद डब्यात जमिनीखाली जाणार असायचा, त्यामुळे बाकीचे हसायचे. चाचा म्हणायचे, "मशीन सांगते ते सांगू दे. आपुन हातानं पाहाव."

त्यांच्याकडून दुसरी गोष्ट शिकलो ती बिघाड शोधायची. एकदा एका गावात सगळं बंद पडलं आणि मी पंचायतीच्या खोलीत बसून तिथलं यंत्र उघडायला लागलो. चाचांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. "एका घरचा फोन बंद असला तं घरात पाह्य. साऱ्या गावाचे बंद असले तं रस्त्यात पाह्य." गावापासून अर्ध्या किलोमीटरवर नालीत केबल तुटलेली सापडली.

वर्षाच्या शेवटी ते बाबांना म्हणाले, "पोराचा हात हलका आहे. याले शिकू द्या." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कोणाला मिळालेली ऐकलेली नाही. पुढच्या वर्षीचा फॉर्म भरायला ते स्वतः माझ्यासोबत शेगावच्या सायबर कॅफेत आले, आणि शेवटची तारीख त्यांनी हातावर पेनाने लिहून ठेवली होती.

पुण्याला गेलो. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभा राहून मी म्हणालो, "सर, मले समजून नाही राह्यलं." सगळा वर्ग हसला. कोणी वाईट मनाने हसलं नाही हे आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. मी 'मला' शिकलो, 'का' शिकलो, 'काऊन' फोनवर आईसाठी ठेवला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट मी मागे टाकली. नाली खोदल्याचं ते वर्ष. कोणी विचारलं तर मी म्हणायचो, तब्येतीमुळे गॅप पडला. परदेशी अर्ज केला त्यात ते वर्ष 'तांत्रिक अनुभव' अशा दोन शब्दांत झाकलं. ज्या माणसाने माझ्यासाठी तारीख हातावर लिहिली त्याचं नाव मी चार वर्षं कोणाला सांगितलं नाही. हे मी आज लिहितोय ते माझ्यासारख्याच कोणी वाचावं म्हणून.

आता मी नेदरलँड्समध्ये आहे. सायकलने प्रयोगशाळेत जातो, दुपारी थंड पाव खातो, सहा वाजता जेवणाऱ्या लोकांत साडेनऊला भाकरी थापतो. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, प्राध्यापकांनासुद्धा. आमच्या गटाच्या प्रमुख आन्नेके नावाच्या बाई आहेत. 'आन्नेके मॅडम' म्हणालो की त्या मागे वळून बघतात, आपल्यामागे आणखी कोण उभं आहे म्हणून. माझं नाव गजानन. शेगावच्या आसपासचा आहे म्हटल्यावर दुसरं काय असणार. शाळेत आम्ही एका वर्गात सहा गजानन होतो. पण इथली माणसं 'ग'चा 'ख' करतात आणि 'ज'चा 'य'. त्यामुळे आन्नेके मला 'खायानान' म्हणतात. एकदा मी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो आणि मागून त्यांनी हाक मारली. आईचा चेहरा एकदम खुलला. "किती चांगली बाई आहे. खाया ना, खाया ना, किती मायेनं इचारते." मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही. आता आई दर फोनवर विचारते, तुझ्या मॅडमनं जेवलास का इचारलं ना. हो, रोज विचारते, असं मी सांगतो. हे खोटंही नाही.

माझं काम काय, हे बाबांना सांगायला मला दोन दिवाळ्या लागल्या. नखाएवढ्या चिपवर प्रकाशासाठी अगदी बारीक पाट कोरलेले असतात. संत्र्याच्या बागेत दांडातून पाणी फिरवतात, फाटे फोडतात, तसा त्या पाटांतून प्रकाश फिरवायचा, फाटायचा, पुन्हा एकत्र आणायचा. पण आम्ही प्रकाशाची धार सोडत नाही, एकेक कण सोडतो. त्या कणाला फोटॉन म्हणतात. चोरता येणार नाही असा निरोप पाठवायचा किंवा नव्या जातीचा संगणक बांधायचा तर हे एकेक कण सांभाळावे लागतात. पाण्याची धार असली तर वाटेत थोडं मुरलं तरी चालतं. एकच थेंब असला आणि तो मुरला, तर सगळंच गेलं. त्या थेंबाची नक्कल करून पुढे पाठवता येत नाही, निसर्गाचीच बंदी आहे. म्हणून मोजणी करणारा डिटेक्टर लांब ठेवून चालत नाही. चिपमधून बाहेर पडताना कण सांडतात, फायबरमध्ये शिरताना सांडतात, डिटेक्टरमध्ये जाताना सांडतात. तेव्हा डिटेक्टर चिपवरच, पाटाच्या अंगावरच बसवायचा. अतिबारीक तारेचा तो एक तुकडा असतो, ज्याच्या खाली थंडीच नाही, जवळजवळ तिथपर्यंत गार केलेला. एक कण आला तरी तो टिपतो. तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सुईने उचलायचा आणि पाटावर नेमका ठेवायचा. ते ठेवायचं काम माझं.

बाबांनी सगळं ऐकून विचारलं, "म्हंजे एकच सीट चढली तरी समजते?"

"हाव."

"अन कोणती चढली तेही?"

कोणत्या पाटात चढली ते समजतं, मी म्हणालो. बाबा म्हणाले, मग आपल्या गाडीला बसव एक.

गेल्या वर्षी मी एका चिपवर आठ डिटेक्टर बसवले. चार महिने लागले. अशी चिप आमच्याकडे एकच उरली होती. गार करणाऱ्या मोठ्या यंत्रात ती ठेवली, मोजणी सुरू केली, आणि आठही डिटेक्टर बोंबलायला लागले. प्रकाश पूर्ण अडवला तरी ते हजारांनी कण मोजत होते. अंधारात नसलेले कण मोजणारा डिटेक्टर कोणाच्या कामाचा. बसवताना तार दुखावली की असं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. आन्नेकेंनी शांतपणे सांगितलं की आपल्याकडे यंत्राचे तीन आठवडे आहेत. त्यात सुधारलं नाही तर डिटेक्टर चिपवर बसवायचं सोडून देऊ, बाहेरचे तयार घेऊ, आणि तुझ्या प्रबंधासाठी दुसरा विषय शोधू. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. मी ऐकलं ते वेगळंच. तुझा हात हलका नाही, असं ऐकलं.

दोन आठवडे मी आकडे बघत होतो आणि माझ्या बोटांकडे बघत होतो. मुनीरचाचांना फोन करावासा वाटला, पण आयुष्यभर लोकांचे फोन जोडलेला हा माणूस स्वतः फोनवर अर्ध्या मिनिटाच्या वर बोलत नाही. "काम झालं का? मंग ठेव." असं म्हणतात. काही सांगायचं असलं तर चिठ्ठी धाड, वाचत बसता येते, असा त्यांचा हुकूम आहे. आणि ही गोष्ट चिठ्ठीत कशी लिहायची ते मला कळत नव्हतं.

आमच्या गटात पुण्याची सायली आहे. ती मोजणीचा भाग बघते. इथे आल्यावर वर्षभर आम्ही एकमेकांशी इंग्रजीत बोललो. ती मराठी आहे हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी इंग्रजीत बोलायचो. मग एकदा तिने मला आईशी बोलताना ऐकलं आणि तेव्हापासून माझ्यापेक्षा जास्त 'काऊन' तीच म्हणते. काम करताना आम्ही लेझरला 'दिवा' म्हणायला लागलो. दिवा तापला का, दिवा लावला का. प्रयोगशाळेत एक कडक नियम आहे: लेझर कधी बंद करायचा नाही. तो स्थिर व्हायला फार वेळ घेतो, त्यामुळे अंधार हवा असला तरी त्याच्यापुढची झडप बंद करायची, लेझर चालूच ठेवायचा.

तो मंगळवार होता. दुपारची वेळ. सायली जाड काळ्या पडद्यापलीकडे आकडे वाचत होती, मी आत अंधारात लेझरच्या रॅकपाशी उभा होतो. झडप बंद होती, म्हणजे अंधाराची मोजणी चालली होती, आणि आकडा नेहमीसारखा हजारांत होता. तिला आता थोडा प्रकाश हवा होता. एरवी ती म्हणते, पॉवर वाढव. त्या दिवशी म्हणाली, "गजानन, दिवा वाढव."

मी लेझरची किल्ली फिरवली आणि तो बंद केला.

आमच्या घरात 'दिवा विझव' असं कोणी म्हणत नाही. आईला ते चालतच नाही. दिवा विझत नसतो, दिवा वाढवायचा असतो. देवाजवळचा दिवा वाढव, कंदील वाढव. बाजारातला दुकानदार दुकान बंद करतो तेव्हाही तो दुकान वाढवतो. वीस वर्षं रात्री आईने 'दिवा वाढव' म्हटलं की मी उठून दिवा मालवत होतो. थकलेल्या माणसाचा हात डोक्याला विचारत नाही. हाताने आईचं ऐकलं.

पलीकडून सायली म्हणाली, "काय केलंस तू?"

"दिवा वाढवला."

"बंद केलास."

"हाव. वाढवला म्हंजे बंदच ना."

मला वाटलं आता ही आन्नेकेंकडे जाणार. मग ती हळूच म्हणाली, "आकडा पडला."

हजारांतला आकडा बोटांवर मोजण्याइतका झाला होता. आठही डिटेक्टर शांत. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

मी किल्ली परत फिरवली. आकडा लगेच वर. आता लेझरचा स्वतःचा उजेड बाहेर पडायला बराच वेळ लागतो, त्यात झडपही बंद. म्हणजे हा उजेड लेझरचा नव्हता. किल्ली फिरवताच लगेच काय लागतं? मी वाकून पाहिलं. पेटीच्या तोंडावर चालू असल्याची खूण दाखवणारा एक हिरवा दिवा होता, हरभऱ्याएवढा. आणि त्याच्या खाली, चार बोटांवर, झडपेच्या पुढच्या वाटेवर, चिपकडे जाणाऱ्या फायबरचा एक जोड होता. उघडा, पारदर्शक नळीत. तो जोड मीच केला होता. मशीनने आकडा छान दाखवला आणि मी उठलो होतो. हाताने पाहिलं नव्हतं. टेप लावला नव्हता, कारण अशा चकचकीत खोलीत, सगळ्यांसमोर, विजेचा काळा टेप काढायची मला लाज वाटली होती.

मी जोडाभोवती दोन्ही तळहातांची ओंजळ केली.

"कमी झाला," सायली म्हणाली.

हात काढले. "वाढला."

ओंजळ केली. "कमी." मग आम्ही दोघं तो खेळ लहान मुलांसारखा करत राहिलो. कमी. वाढला. कमी. शेवटी ती पडदा सारून आत आली आणि माझ्या ओंजळीकडे बघत उभी राहिली, आणि मी हसत होतो आणि माझे डोळे भरले होते. जिथून उजेड बाहेर गळतो तिथूनच तो आत शिरतो, एवढी साधी गोष्ट. आठही डिटेक्टर एकसारखे बिघडले होते हे मी दोन आठवडे बघत होतो. माझ्या हाताने दुखावले असते तर एक जास्त, एक कमी दुखावला असता. सारं गाव बंद होतं, आणि मी घराघरात बघत बसलो होतो. दोष रस्त्यात होता.

चटणी केव्हाच संपली होती, पण टेप बॅगेच्या तळाशी तसाच होता. खोलीवर जाऊन घेऊन आलो आणि सगळ्यांसमोर गुंडाळला. आन्नेकेंनी विचारलं हे कुठे शिकलास. तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं: सोनाळा, नाली, छत्री, पंचा, लाल हात. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आता आमच्या भिंतीवर कामाच्या पायऱ्यांचा जो कागद आहे त्यात जोड केल्यानंतर एक पायरी आहे, तिचं नाव 'मुनीर'. नवीन आलेल्या मुलांना विचारतात, मुनीर केलं का. परवा एक डच मुलगा पंच्याऐवजी जॅकेट डोक्यावर घेऊन रॅकखाली बसला होता. त्याला काय चाललंय विचारलं तर म्हणाला, मुनीर करतोय.

त्या संध्याकाळी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. शेगावला गाडी लावून ते सीटची वाट बघत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे सीट मधातूनच चढत होती, अन तू ड्रायव्हरले दोष देत होता."

गावात राहिलेले माझे मित्र विचारतात, तुला आता घर कुठलं वाटतं. माझ्यासोबत इथे आलेलेही विचारतात, तेही भारतातून आणलेल्या मसाल्याच्या डब्याकडे बघत. पूर्वी मला वाटायचं, निघालेल्या माणसाचं दर टप्प्यावर थोडं थोडं सांडत जातं. शेगावला थोडं, पुण्याला थोडं, विमानतळावर बरंच. सांडतंही. माझ्या तोंडातला 'मले' मी स्वतःच सांडला होता. पण त्या मंगळवारी माझ्या हाताने जे केलं ते पुण्यात शिकलेलं नव्हतं, इथेही नाही. आता कोणी विचारलं की मी सांगतो, जिथे 'दिवा वाढव' म्हटल्यावर दिवा मालवतात, ते माझं घर. ते सोनाळ्यात आहे, आणि त्या मंगळवारपासून ते इथल्या एका रॅकपाशीही आहे. सायलीला आता हे सांगावं लागत नाही. संध्याकाळी निघताना खोलीतला दिवा बंद करायचा असला की ती म्हणते, वाढव रे.

चिठ्ठी मी काही महिन्यांनी, आमचा लेख छापून आल्यावर लिहिली. पोस्टात टाकायच्या आधी तिची नक्कल ठेवली होती, ती इथे देतो.

मुनीरचाचांस सलाम.

मी इकडं खुशाल आहे. जेवण वेळेवर होते, आईले सांगा. तुमच्या डोयाचं ऑपरेशन चांगलं झालं हे बाबांनी सांगितलं, म्हणून ही चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहून राह्यलो.

चाचा, एक चूक कबूल कराची आहे. मी इथं एक जोड केला अन हातानं पाह्यला नाही. मशीननं चांगलं सांगितलं अन मी उठलो. टेप होता माह्यापाशी, तुम्ही देल्ला तोच, पण लोकाईसमोर काढाची लाज वाटली. त्या जोडातून बाहेरचा उजेड आत शिरत होता अन मी समजलो का माह्या हातानं काम बिघडलं. चार महिन्याचं काम फेकाले निघालो होतो. मंग चुकून दिवा वाढवला अन सारं समजलं. ते कसं झालं ते बाबा सांगतीन, त्यांनी ते आतापावतर साऱ्या सीटाईले सांगितलं असन.

आणखी एक सांगतो. तुमच्यापाशी मी एक वर्ष काम केलं हे मी पुण्यात कोणाले सांगितलं नाही, इथंही नाही. आता सांगितलं. सोबत एक छापलेला कागद आहे. तो आमच्या कामाचा लेख आहे, इंग्रजीत आहे, तुम्ही वाचू नका, मलेही कंटाळा येते. फक्त शेवटच्या पानावर मी लाल पेनानं गोल केला आहे तिथं पाहा. तिथं ज्यांनी मदत केली त्यांचे आभार मानतात. पह्यलं नाव शेख मुनीर, सोनाळा. तुमचं नाव इंग्रजीत कसं लिहावं ते मले माहीत नव्हतं, तुमच्या कामाच्या ओळखपत्रावर होतं तसंच लिहिलं. चुकलं असन तं माफ करा.

तो जोड मी तोडून नवा केला. लाल पेन लावला, डोक्यावर कोट घेतला, दोन्ही हातांची ओंजळ केली अन पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. हात लाल झाला नाही, चाचा.

मंग टेप गुंडायला. आता थोडाच उरला आहे. दिवाळीपर्यंत पुरन. इकडं दुकानात भेटते, मी पाह्यलं. पण जोड आपल्या हातचा अन टेप परायाचा, बरं नाही दिसत. म्हणून सरला की नवा घ्याले घरीच येतो.

तुमचा,
गजू